रॉयल्टी 6 टक्के, पण कोणत्या रकमेवर?

ताई, तुमचं पत्र आणि करारनाम्याचा मसुदा दोन्ही सावकाश वाचलं. नाशिकला गंगापूर रोडवर बिर्याणीच्या एका ब्रँडची फ्रँचायझी घ्यायची, यजमानांच्या निवृत्तीच्या 31 लाखांतले 18 लाख त्यात घालायचे आणि वर 10 लाखांचं कर्ज काढायचं, असा तुमचा बेत आहे. तुमचा प्रश्न आहे, ब्रँडला विक्रीवर द्यायची 6 टक्के रॉयल्टी आणि 2 टक्के जाहिरात निधी जास्त होतात का?

दर मला चालण्यासारखा वाटतो. घोर लागला तो, हे टक्के ज्या रकमेवर लागतात त्या ‘ग्रॉस सेल्स’च्या व्याख्येच्या कलमातल्या एका वाक्याचा: ‘ग्रॉस सेल्स म्हणजे कोणत्याही माध्यमातून झालेली सर्व विक्री, मेनूवरील दराने, कोणतीही वजावट न करता.’

तुम्हीच लिहिलंय की निम्म्याहून जास्त धंदा ॲपवरून येईल. मग ॲपवरची एकच ऑर्डर घेऊ. मेनूवर 400 रुपये. ऑफरचे 80 रुपये तुमच्या खिशातून, म्हणजे उरले 320. ॲपचं कमिशन 22 टक्के धरलं तर 70 रुपये 40 पैसे, त्यावर 18 टक्के जीएसटी 12 रुपये 67 पैसे. तुमच्या खात्यात जमा होतील साधारण 237 रुपये. रॉयल्टी आणि जाहिरात निधी मात्र 400 वर लागणार: 32 रुपये, अधिक 18 टक्के जीएसटी, मिळून 37 रुपये 76 पैसे. हातात आलेल्या पैशाच्या हिशेबाने हे 8 टक्के जवळपास 16 टक्के झाले. तांदूळ, मटण, गॅस, पगार, भाडं अजून यायचंच आहे.

त्या 18 टक्क्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. रेस्टॉरंट 5 टक्के जीएसटी लावतं तेव्हा त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, म्हणजे स्वतः भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही. त्यामुळे रॉयल्टीवरचा आणि कमिशनवरचा जीएसटी हा तुमचा निव्वळ खर्च. ग्राहकाकडून घेतलेला 5 टक्के कर विक्रीत धरायचा नाही, असंही मसुद्यात कुठे लिहिलेलं नाही. 1 जानेवारी 2022 पासून ॲपवरच्या ऑर्डरचा हा कर ॲपच परस्पर सरकारजमा करतं. जो पैसा तुमच्या गल्ल्यात येतच नाही, त्यावर रॉयल्टी कशासाठी द्यायची?

माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पावसात डबा सांडला, ॲपने ग्राहकाला पैसे परत केले आणि ते यांच्या हिशेबातून कापले. पण बिलिंग मशीनमध्ये बिल तसंच राहिलं आणि महिनाअखेर त्यावरही रॉयल्टी लागली. असे 23 डबे त्या बाईंनी वहीत लिहून ठेवले होते. करारात परताव्याचा उल्लेखच नव्हता, म्हणून ती वही कुणी बघितलीही नाही.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. 1872 च्या करार कायद्याखाली जे कागदावर असेल तेच मुख्यतः बघितलं जातं. अमेरिकेत सहीच्या किमान 14 दिवस आधी सगळ्या शुल्कांचा तपशील हातात द्यावा लागतो. इथे तो आपणच मागून घ्यायचा.

तेव्हा व्याख्या बदलून मागा. जीएसटी, ग्राहकाला परत केलेले पैसे, रद्द झालेल्या ऑर्डरी, कर्मचाऱ्यांचं जेवण आणि बिलावर दिसणारी सूट विक्रीतून वगळलेली हवी. ॲपचं कमिशनही वगळा म्हणून बघा, पण ते मिळणं कठीण आहे आणि त्यासाठी मी व्यवहार मोडणार नाही. सूट मात्र सोडू नका. 400 ऐवजी 320 वर आकारणी झाली तर ऑर्डरमागे साडेसात रुपये वाचतात. रोज 40 ऑर्डरी धरल्या तर महिन्याला 9,000 रुपये, म्हणजे एका पोऱ्याच्या पगाराला मोठा हातभार.

ऑडिटचं कलमही याच्याशीच जोडलेलं आहे. विक्री 2 टक्क्यांनी कमी दाखवल्याचं आढळलं तर तपासणीचा खर्च तुमचा, असं त्यात आहे. व्याख्या मोघम राहिली तर सरळ हिशेब ठेवणारा माणूसही त्यात सापडेल.

सूट आणि परतावा वगळायला ते तयार नसतील तर सही करू नका, टोकन दिलेलं असलं तरीही. तयार झाले तर पुढे जा, पण उरलेल्या 13 लाखांना दुकानासाठी हात लावायचा नाही आणि कर्जाचे सहा हप्ते त्या 18 लाखांतूनच बाजूला काढायचे. इंटिरिअरच्या अंदाजपत्रकात तेवढी काटछाट होऊ शकते, मी बघितलंय. नवा मसुदा आला की व्याख्येचं आणि ऑडिटचं अशी दोन्ही पानं पाठवा, आणि त्यांच्या चालू असलेल्या एखाद्या आउटलेटचं एका महिन्याचं रॉयल्टीचं बिलही मागून घ्या.