सॉफ्टवेअर बदलण्याआधी फ्रीजरची वही काढा

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. निरोगी गटाच्या शौचाच्या सॅम्पलमध्ये ब्युटिरेट (आतड्यातले जिवाणू तंतू आंबवून बनवतात ते एक आम्ल) मधुमेही गटापेक्षा भरपूर जास्त, पण नव्या बॅचमध्ये तो फरक गायब, आता नॉर्मलायझेशन (बॅचबॅचचे आकडे गणिताने एका मापावर आणणं) कोणतं लावू? अहो, हाच घोळ मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी घालून बसले होते. मशीनवर सॅम्पल चालवायचा क्रम रँडम केलात, ब्लँक (सॅम्पलविना रिकामी चाचणी) आणि पूल्ड क्यूसी (सगळ्या सॅम्पलचं थोडंथोडं मिश्रण, मशीन तपासायला) मधेमधे लावलेत, हे धरून चालते.

मला एवढंच सांगा, सॅम्पल हातात आल्यापासून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला? दोन्ही गटांत सारखाच का?

आमचे मधुमेही रुग्ण ओपीडीतले, फ्रीजर वरच्याच मजल्यावर. अर्ध्या तासात डबी आत. निरोगी मंडळी मात्र गावच्या शिबिरातली. त्यांच्या डब्या थर्माकोलच्या पेटीत साध्या बर्फावर, संध्याकाळच्या जीपने यायच्या. कारण ड्राय आइस मंजूर होईना. एका कार्यालयाने (नाव नको) आधी तीन कोटेशनं मागितली. ती दिली, तर मागच्या खेपेच्या ड्राय आइसची शिल्लक स्टॉक रजिस्टरात दाखवा म्हणे. हवेत उडून जाणाऱ्या वस्तूची शिल्लक! मीही कंटाळून म्हटलं, चालेल साधा बर्फ. चूक माझीच.

दुपारपर्यंत त्याचं पाणी व्हायचं. डबीतले जिवाणू काही थांबत नाहीत, उरलेसुरले तंतू आंबवत राहतात आणि अॅसिटेट, ब्युटिरेट ही आम्लं वाढत जातात. आमच्या आलेखात दिसत होता तो जीपचा प्रवास. परिषदेत पोस्टर लावून झाल्यावर एकच सॅम्पल वाटून ० ते ८ तास बाहेर ठेवून बघितलं. आम्लं तासागणिक चढलेली. गाईड काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मी संख्याशास्त्रातली नाही, पण एका गटाच्या सगळ्या डब्या लवकर आणि दुसऱ्याच्या सगळ्या उशिरा गोठल्या असतील, तर कुठलंही नॉर्मलायझेशन ते सोडवत नाही. तसंही शौचातल्या ब्युटिरेटवर इतकी भिस्त नको असं माझं मत. बनतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त आतड्यातच शोषलं जातं. डबीत येतो तो उरलेला गाळ. पटलं नाही तर सोडून द्या.

रक्तात टीएमएओ (ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड हे संयुग) बघणार असाल तर आदल्या दिवशीचं जेवण विचारा. २०११ नंतर त्याचा हृदयविकाराशी संबंध गाजला. कोलीन या अन्नघटकापासून आतड्यातले जिवाणू टीएमए (ट्रायमिथाइलअमाइन) बनवतात, यकृत त्याचं टीएमएओ करतं, सगळं खरं. पण समुद्री मासळीत तो आयताच असतो. कोकणातल्या सॅम्पलमध्ये रात्रीचा बांगडा दिसणारच.

गोठवण्याच्या वेळा सापडल्या तर रुग्णांची नावं-नंबर काढून इथे टाका. शनिवारी बघते.