वाचक विचारतात : बेळगावात जागा घ्यायचीय, पण नेमकी कुठे?

प्रश्न : ताई, विणायचे माग विकून टाकले, हातात 25 लाखाच्या आसपास आलेत. एजंट म्हणालाय हलग्याच्या बाजूला घ्या, सुवर्णसौध, म्हणजे विधानसभेची इमारत, जवळ आहे, बायपास होणार, दोन वर्षांत डबल. मुलगा म्हणतोय मच्छेकडे बघूया. काय करू?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : मुलाचं ऐका. सुवर्णसौध 2012 ला उघडलं ना, तेव्हाही हे "दोन वर्षांत डबल" चाललंच होतं. तिथे हिवाळी अधिवेशन भरतं ते दहाएक दिवस, तेवढे दिवस लॉज फुल्ल, मोर्चे, पोलिसांच्या गाड्या, आणि मग सगळे बेंगळूरला परत, त्यानंतर भाड्याने घर मागायला येणार कोण? आणि हलगा–मच्छे बायपासचं तर विचारूच नका, पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकरी कोर्टात गेले, काम सुरू, काम बंद, परत सुरू, असं वर्षानुवर्षं चाललंय. नकाशावरच्या रेघेजवळ जागा घेताना आणखी एक भीती असते जी एजंट सांगत नाही, ती रेघ थोडी सरकली तर तुमचाच सर्वे नंबर भूसंपादनात जायचा. बेळगाव–कित्तूर–धारवाड रेल्वेलाईनच्या नावाने जागा दाखवतात त्यांनाही विचारा, रेघ सरकली तर काय?

मच्छे–पिरनवाडीचं वेगळं आहे. उद्यमबागचे कारखाने आज चालू आहेत, व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ, 1998 पासून आहे, म्हणजे दर महिन्याला पगार घेणारी आणि खोली शोधणारी माणसं तिथे आत्ताच आहेत, कुठल्या घोषणेची वाट बघायची गरज नाही. एक काम करा, शिफ्ट सुटायच्या वेळेला खानापूर रोडला जाऊन उभे राहा आणि कामगार कुठल्या गल्लीत शिरतात ते बघा. त्यांच्या चालायच्या अंतरात जागा शोधा, मेन रोडला नको, तिथे भाव उगीच चढलेला असतो. बोअरला पाणी किती खाली लागतं ते शेजारच्या घरात विचारा, एजंटला नको.

मातीचंही बघा हो. हलगा, बस्तवाड बाजूला काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, पायाचा खर्च वाढतो. हिंडलगा, सुळग्याकडे लाल माती, बांधायला बरी. स्वतः राहायचं असेल तर मी तिकडे बघेन, पण तुम्हाला भाडं पाहिजे, त्यामुळे मच्छेच.

प्रश्न : वडगाव शिवारात 3 गुंठे बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर, मिळतंय, बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त. आजूबाजूला घरं झालीत, लाईटचं मीटर पण मिळतं म्हणे. सगळे घ्यायलेत, घेऊ काय?
– एक वाचक, जुने बेळगाव

उत्तर : नको. मीटर मिळालं म्हणून कोण मालक होत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपयांच्या वरची जागा रजिस्टर खरेदीपत्राशिवाय तुमच्या नावावर होतच नाही, नोटरीचा शिक्का मारलेला बाँड म्हणजे फार तर पैसे दिल्याचा पुरावा. बँक त्यावर लोन देत नाही, आणि तोच तुकडा उद्या दुसऱ्याला लिहून दिला तर तुम्ही कोर्टात फेऱ्या मारत बसाल. स्वस्त का मिळतंय ते कळलं ना आता?

त्यातून वडगाव शिवार म्हणजे बासमतीची जमीन, बळ्ळारी नाला जोरात आला की उभं पीक पाण्याखाली जातं. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात कुठे कुठे पाणी भरलं होतं ते विसरलात काय?

कागद कन्नडमध्ये असतात म्हणून आपली माणसं न वाचताच सही करतात, याचा मला फार राग येतो. जमिनीच्या उताऱ्यात 9 नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतं आणि 11 मध्ये बोजा, म्हणजे सोसायटीचं कर्ज, कोर्टाचा स्टे वगैरे. कन्नड येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या पोराला घेऊन बसा, तेवढे दोन रकाने तो पाच मिनिटात वाचेल. दिशांक ॲप मोबाईलवर टाका, जागेवर उभं राहून उघडलं की पायाखालचा सर्वे नंबर दिसतो, एजंटने दाखवलेली जागा आणि कागदावरची जागा एकच आहे का ते तिथेच कळतं. पंचायत हद्दीत असेल तर एन.ए.ची म्हणजे बिनशेतीची ऑर्डर, लेआऊटची मंजुरी आणि ई-स्वत्तूचा (पंचायतीकडची मालमत्तेची ऑनलाईन नोंद) 9 व 11 नंबरचा फॉर्म मागा. मिळाला नाही तर चहा प्या आणि घरी या.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, शेतकरी नाही. खानापूरला फार्महाऊससाठी शेतजमीन घेता येते का?

उत्तर : येते. जमीन सुधारणा कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी असण्याची अट राहिली नाही. पण घर बांधायला बिनशेती करावी लागेल का ते आधी विचारून घ्या, आणि खानापूर म्हणजे जंगल, भीमगड अभयारण्य 2011 चं. वनखात्याची हद्द लागून असेल तर हात लावू नका, नजारा कितीही भारी असू दे.

प्रश्न : पिरनवाडीजवळ आमची 20 गुंठे आहे. डेव्हलपर म्हणतोय जागा द्या, प्लॉट पाडतो, निम्मे निम्मे करू.
– एक वाचक

उत्तर : आधी हिशोब घाला. 20 गुंठे म्हणजे 21,780 स्क्वेअर फूट, रस्ते आणि मोकळी जागा सोडली की साधारण निम्मं उरतं, म्हणजे 30 बाय 40 चे नऊ-दहा प्लॉट. त्यातले तुमच्या वाट्याला चार-पाच. 500 स्क्वेअर मीटरच्या वर असल्यामुळे रेराची, म्हणजे प्लॉट-फ्लॅटच्या विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणीही लागणार, ती करायचं काम कुणाचं ते लिहून घ्या. करार रजिस्टर करा, आणि मुखत्यारपत्रात विकायचा हक्क फक्त त्याच्या वाट्याच्या प्लॉटपुरता द्या, तोही बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, फायनल मंजुरी आल्यावर.

आणि जमीन वडिलोपार्जित आहे ना? 2005 पासून मुलींचाही सारखा हिस्सा आहे, तेव्हा डेव्हलपरला भेटायच्या आधी बहिणींना घरी बोलवा, त्यांच्या सह्या नसतील तर पुढचे सगळे प्लॉट अडकून बसतात.