अडीच इंच लिफ्ट केलेल्या पिकअपला कोणत्या मापाचे आणि किती लोड रेटिंगचे टायर घ्यावेत?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो. पिकअपला अडीच इंचाची लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सस्पेन्शनचे भाग) बसवलीय, कंपनीचे टायर २६५/७० आर १७ आहेत आणि आता तुम्हाला ३५ इंची घालायचेत. टायरवाला म्हणतो, ‘दहा प्लायचे घ्या, बाकी काही बघू नका.’ सुट्टीत मागे सामान भरून, छोटा ट्रेलर लावून तुम्ही कच्च्या रस्त्यांना जाता. दाराजवळच्या पट्टीवर मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १७५० किलो लिहिलीय.

माझं मत: ३५ इंची घेऊ नका. एलटी (हलक्या ट्रकसाठीच्या) प्रकारातले २८५/७० आर १७, लोड रेंज (वजन पेलण्याचा वर्ग) सी घ्या. असं का म्हणतोय ते जरा सविस्तर सांगतो, कारण नुसतं माप सांगून भागत नाही.

लिफ्टबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. गाडी अडीच इंच उचलली म्हणजे चाकाला अडीच इंच जागा मिळाली, असं वाटतं. ती जागा मिळते गाडी उभी असताना. खड्ड्यात चाक वर दाबलं गेलं की ते बंपस्टॉपला, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर जातं, आणि किटमध्ये बंपस्टॉप खाली घेतलेले नसतील तर ती जागा लिफ्टच्या आधी होती तीच राहते. म्हणजे टायर बसतोय की नाही हे ठरवायचं ते सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. दुकानासमोर गाडी उभी करून चाकाभोवती हात फिरवला आणि ‘भरपूर गॅप आहे’ म्हटलं, त्याला काही अर्थ नाही.

मी हे अनुभवलंय. माझ्या दोन इंच उचललेल्या ट्रकला ३५ इंची चढवले होते. दहा दिवस कुठेही आवाज नाही, वळणातही नाही. मग सामान भरून एका कोरड्या ओढ्यात तिरकी उतरवली आणि डाव्या पुढच्या चाकातून खर्रर्र असा लांबलचक आवाज आला. खाली वाकून पाहिलं तर चाकामागचं प्लास्टिकचं लायनर फाटून लोंबत होतं आणि टायरच्या खांद्यावरचे ठोकळे घासून आरशासारखे चकचकीत झाले होते. ब्रेकचा पाइप तिथून चार बोटांवर होता. त्या दिवसापासून मी कोणालाही आधी मोजायला सांगतो.

आता माप. २६५/७० आर १७ मध्ये रुंदी २६५ मिमी आणि साइडवॉलची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे १८५.५ मिमी. ती दोनदा धरायची आणि १७ इंची रिमचे ४३१.८ मिमी मिळवायचे. साधारण ८०३ मिमी व्यास येतो, म्हणजे ३१.६ इंच. हाच हिशोब २८५/७० ला केला तर ८३१ मिमी, ३२.७ इंच. लोक ज्याला ‘तेहेतीस’ म्हणतात ते हेच. ३५ इंची म्हणजे कागदावर ८८९ मिमी. व्यासातला फरक निम्मा खाली जातो, निम्मा वर. २८५ घातल्यावर गाडीचं पोट १४ मिमी वर येतं, ३५ इंचीने ४३ मिमी. पण तेच ४३ मिमी पुढे आणि मागेही सरकतात, आणि घासायला सुरुवात बहुधा पुढच्या चाकाच्या मागच्या कोपऱ्यात होते.

रिम बदलणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टच्या पृष्ठभागाचं अंतर) कमी असलेली रिम चाक बाहेर काढते. आतल्या सस्पेन्शन आर्मपासून सुटका होते खरी, पण स्टिअरिंग वळवताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि तोच मागचा कोपरा गाठतो. २८५/७० ला साडेसात ते नऊ इंच रुंदीची रिम चालते, त्यामुळे सध्याची रिम तेवढी असेल तर तीच ठेवा.

लोडचा हिशोब सोपा आहे, तरी तो करणारे फार थोडे. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १७५० किलो, म्हणजे एका टायरवर ८७५. सामान एका बाजूला जास्त असतं, वळणात वजन बाहेरच्या चाकावर जातं, म्हणून वर ऐसपैस फरक हवा. ट्रेलरच्या वजनातले साधारण दहा ते पंधरा टक्के हुकावर येतात, आणि ते मागच्या अ‍ॅक्सलमध्येच मोजायचे. खरं तर सुट्टीला निघता तशी भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या आणि पुढचा व मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलून घ्या. अंदाजापेक्षा आकडा जवळजवळ नेहमीच जास्त येतो.

टायरवरचा लोड इंडेक्स म्हणजे किलोंचा सांकेतिक आकडा. ११३ म्हणजे ११५० किलो, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. पण प्रवासी गाडीच्या प्रकारातला, मापाआधी पी लिहिलेला टायर पिकअपला लावला की त्याची क्षमता १.१ ने भागायची असते, म्हणजे ११५० चे १०४५ होतात. एलटी टायरला ही कपात नाही, मात्र त्याला हवा जास्त लागते. २८५/७० आर १७ हा लोड रेंज सी मध्ये ११६ इंडेक्सचा येतो, ५० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) १२५० किलो. ई मध्ये १२१, ८० पीएसआयला १४५०. आता दोघांतही ५० पीएसआयच भरली तर दोघेही सारखंच वजन उचलतात, कारण वजन पेलते ती हवा. टायरवाल्यांच्या बोलण्यात हे कधीच येत नाही. आणि ‘दहा प्लाय’ (दुकानात ई लाच हे म्हणतात) म्हणजे आत दहा थर असतात असंही नाही. ते जुन्या काळाचं नाव ताकदीची खूण म्हणून टिकलंय, आजच्या रेडियलच्या साइडवॉलमध्ये दोन किंवा तीनच थर असतात.

मग ई कोणी घ्यावा? ज्याच्या मागच्या टायरवर खरोखर १२०० किलोच्या पुढे वजन जातं त्याने, किंवा जो धारदार दगडांतून सतत जातो त्याने, कारण त्याचं अंग जाड असतं. तुमच्या ८७५ किलोंना सी पुरून उरतो. ई चा एक टायर २५ किलोच्या आसपास भरतो आणि रिकाम्या गाडीत तो खड्ड्यावरून चेंडूसारखा उडतो. त्याचा ताण ब्रेक, बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर येतो. शिवाय टायर कितीही दणकट घेतला तरी गाडीची वजनमर्यादा वाढत नाही. ती अ‍ॅक्सल, पाटे आणि ब्रेक ठरवतात, आणि पट्टीवरचा आकडाच शेवटचा.

हवा मात्र पट्टीवरची भरू नका, ती जुन्या टायरची आहे. टायर कंपनीच्या हवा-वजन तक्त्यात तुमचं काट्यावरचं वजन शोधा आणि त्याच्या थोडी वर ठेवा. मग ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, खडूची आडवी रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडं चालवा. फक्त मधला खडू गेला तर हवा जास्त, फक्त कडांचा गेला तर कमी. तक्त्यातल्या आकड्याच्या खाली मात्र खडूने काहीही सांगितलं तरी जायचं नाही.

३५ इंचीचं आणखी एक ओझं गिअरवर पडतं. व्यास जवळपास ११ टक्के वाढतो, त्यामुळे ३.७३ चा अ‍ॅक्सल रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) ३.३७ सारखा वागू लागतो. चढाला ट्रेलर घेऊन गाडी धापा टाकते, आणि ४.१० चे गिअर घातले तेव्हा कुठे पूर्वीचा जोर परत येतो. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ११० च्या वर असेल. २८५ ला हा फरक साडेतीन टक्के आहे. तोही दुरुस्त करून घ्याच.

चार टायर घेण्याआधी एकच चढवून बघा. पुढचं एक चाक रॅम्पवर चढवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि कोणाला तरी टॉर्च धरून आत बघायला लावा. मग दुसरी बाजू. आणि पैशांच्या हिशोबात पाचवा टायर धरा. फोर बाय फोर लावलेलं असताना जुन्या मापाची स्टेपनी चालवली तर ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) ताणात येतात. २८५ ची स्टेपनी बऱ्याच पिकअपच्या खाली जुन्या जागीच मावते, तरी टेपने मोजून मगच ऑर्डर द्या.