जुना वर्कमेट ओळखायचा कसा?

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. इथल्या कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, एक घडीचं वर्कबेंच घेतलं. ब्लॅक अँड डेकरचा वर्कमेट आहे एवढं कळलं, पण नेटवर फोटो बघावेत तर प्रत्येकाचा वेगळाच दिसतो. माझा नेमका कुठला? जुना असेल का? वरच्या फळ्यांवर करवतीचे भरपूर घाव आहेत, त्या बदलू का?

उत्तर : सगळ्यात आधी रंगावर जाऊ नका, रंग कोणीही नंतर मारलेला असू शकतो. दोन बाजूंच्या फ्रेम बघा आणि त्यांना लोहचुंबक लावा. चिकटलं नाही, फ्रेम जाड आणि इंग्रजी एच अक्षरासारखी असेल तर ती ॲल्युमिनियमची ओतीव फ्रेम, म्हणजे सुरुवातीच्या काळातला दणकट माल, आणि माझ्या मते घ्यायचा तर हाच घ्यावा. चिकटलं तर फ्रेम पोलादी पत्रा दाबून केलेली आहे, म्हणजे मॉडेल एकतर स्वस्तातलं नाहीतर नंतरचं.

मग खाली बघा, घडी होणारे जादा पाय आहेत का? असतील तर तो दोन उंचींचा. पाय उघडले की उभ्याने रंधा मारायची उंची मिळते, मिटले की बेंच खाली येतं आणि पायरीवर पाय रोवून करवत चालवता येते. ते पाय नसतील तर एकाच उंचीचा.

हे बेंच रॉन हिकमन यांचं, मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, लोटस कंपनीत असताना लोटस एलान गाडी डिझाइन केली तेच. 1961 मध्ये कपाट बनवताना चांगल्या स्वीडिश खुर्चीचा टेकू घेतला आणि लाकडाबरोबर खुर्चीही कापली गेली, त्यातून ही कल्पना सुचली. कंपन्यांनी नाकारलं, ब्लॅक अँड डेकरनेसुद्धा, तेव्हा 1968 पासून त्यांनी स्वतःच बनवून विकायला सुरुवात केली, आणि शेवटी 1972 च्या सुमारास ब्लॅक अँड डेकरनेच उत्पादन हातात घेतलं. 1981 पर्यंत जगभरात 1 कोटी विकले गेले होते, त्यामुळे जुना आहे म्हणून कोणी भरमसाट किंमत सांगितली तर देऊ नका. पण लेबलवर ब्लॅक अँड डेकरचं नाव नसून हिकमन यांच्या मेट टूल कंपनीचं असेल तर मात्र जपून ठेवा, त्याला हातसुद्धा लावू नका!

फळ्यांचं म्हणाल तर घाव म्हणजे वापराच्या खुणा, राहू द्या. प्लायवूडचे थर सुटले असतील किंवा काम अडकवायच्या खुंट्या बसतात ती भोकं फाटली असतील तरच बदला. जुनी फळी साचा म्हणून ठेवून चांगल्या प्लायवर भोकं आखून घ्या आणि पाइप धरायची व्ही आकाराची खाच विसरू नका.

प्रश्न : न्यू जर्सीत सासऱ्यांकडून वर्कमेट मिळालाय, लेबलवर 79-001 आणि पुढे टाइप असं आहे. टाइप म्हणजे काय? आणि दोन हँडल कशाला?

उत्तर : 79-001 हे अमेरिकेतलं नावाजलेलं मॉडेल, ओतीव फ्रेमचं, दोन उंचींचं. मॉडेल तेच ठेवून कंपनी आतले भाग बदलत गेली की टाइपचा आकडा बदलायचा, म्हणून पार्ट मागवताना दोन्ही आकडे सांगा, नुसतं 79-001 सांगितलं तर न बसणारा पार्ट गळ्यात पडू शकतो. लेबल घासू नका, रंगवू तर अजिबात नका, ओळखीची तीच एक पक्की खूण आहे.

दोन हँडलचे दोन स्क्रू वेगवेगळे फिरतात, त्यामुळे एक फळी तिरकी होते आणि निमुळता तुकडाही घट्ट धरता येतो, साध्या वाईसमध्ये (वस्तू दाबून धरायच्या शिकंज्यात) तो निसटतो. हँडल जड जात असेल तर आट्यांतला भुसा ब्रशने काढा, थोडं ग्रीस द्या आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या आळीपाळीने फिरवा.