केंद्रातून घरी आलेला मुलगा व्यसनाच्या गाण्यांवर हसतो तेव्हा

"ताई, तो परत सुरू झालाय. रात्री एक वाजता कानात हेडफोन घालून एकटाच हसत होता."

मी व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन करते, आणि हे मला सांगत होती एका मुलाची आई. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन त्या मुलाला 7 आठवडे झाले होते. (तपशील बदलले आहेत. दोघांना विचारूनच हे लिहिते आहे.) वय 23. कबड्डीत गुडघ्याचा लिगामेंट गेला, ऑपरेशन झालं आणि दुखण्यावर ट्रामाडॉल, म्हणजे सवय लागू शकणारी वेदनाशामक गोळी, सुरू झालं. दुखणं थांबलं, गोळी थांबली नाही. 2018पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. तरीही त्याला ते चिठ्ठीशिवाय मिळत राहिलं.

आई भेटायला आली ती मुलाच्या मोबाइलवरचा एक फोटो घेऊनच. एक चेहरा, आणि तो अख्खा रंगीबेरंगी गोळ्यांनी घडवलेला. वर नाव होतं 'रिलॅप्स'. हा शब्द तिला केंद्रातल्या पालकसभेतच कळला होता. रिलॅप्स म्हणजे पुन्हा घसरणं, आणि तेच नाव मुलाच्या फोनवर! तिने ते गाण्यांचं ॲप काढून टाकलं. त्यावर मुलगा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

हा प्रश्न मला फार पालक विचारतात. व्यसनावरची गाणी किंवा सिनेमे पाहून मुलाला पुन्हा तलफ येईल का? पूर्वी मी पटकन सांगून मोकळी होत असे की बंद करा, विषयच नको. आज तसं सांगत नाही. आधी विचारते, तो नेमकं काय ऐकतो आणि कोणती जागा पुन्हा पुन्हा लावतो?

एमिनेम हा अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा रॅपर. त्याचा 'रिलॅप्स' हा अल्बम मे 2009मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर साडेचार वर्षांनी. मधल्या काळात तो व्हायकोडिन, व्हॅलियम आणि अँबियनच्या विळख्यात होता. म्हणजे वेदनाशामक, चिंतेवरची आणि झोपेची गोळी. 2005मध्ये त्याने उपचार घेतले, पण तो टिकला नाही. 2006मध्ये त्याचा जिवलग मित्र, रॅपर प्रूफ, गोळीबारात गेला आणि व्यसन आणखी वाढलं. डिसेंबर 2007मध्ये मेथाडोन या अफूसारख्या औषधाचा ओव्हरडोस होऊन तो मरता मरता वाचला. एप्रिल 2008पासून तो सोबर, म्हणजे नशेपासून दूर आहे. हा अल्बम त्याच्या पुनरागमनाचा. त्यात व्यसनाची, स्वतःच्या आईची, मरणाची काळीकुट्ट थट्टा आहे.

पुढच्या भेटीत मी मुलाला म्हटलं, "मलाही ऐकव." तो दचकला. मग त्याने गाणं लावलंच नाही, अल्बमच्या सुरुवातीचा संवाद लावला. एक माणूस केंद्रातून सुटणार आहे आणि बाहेर कसं निभेल या धास्तीने डॉक्टरशी बोलतोय. धीर देण्याऐवजी तो डॉक्टरच त्याला सुचवत राहतो की अधूनमधून थोडी घेतली तर काय बिघडलं? बोलणं हळूहळू दुःस्वप्नासारखं होत जातं.

"यात हसू कुठे आलं?" मी विचारलं.

"मॅडम, हा डॉक्टर माझ्या डोक्यात बसलाय. अगदी असाच बोलतो. एवढी शाणपणाची भाषा!"

थोड्या वेळाने त्याने खरी गोष्ट सांगितली. आठवड्यातून एक-दोनदा त्याला स्वप्न पडायचं. स्वप्नात तो गोळी घ्यायचा, ती जिभेवर कडू लागायची, आणि घामाने भिजून जागा व्हायचा. पहिली काही मिनिटं त्याला वाटायचं की खरंच घेतली, गेले सगळे दिवस पाण्यात. लाजेने हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. टर्की काढताना, म्हणजे गोळी बंद झाल्यावरचा त्रास सोसतानाही, इतकी भीती वाटली नव्हती, असं म्हणाला.

व्यसन सोडलेल्या अनेकांना अशी स्वप्नं पडतात, सुरुवातीच्या महिन्यांत तर जास्तच. स्वप्नात घेतलेली गोळी म्हणजे स्लिप, म्हणजे पाय घसरणं, नव्हे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ खाली मान घालून बसला होता. आमच्यापैकी कोणीही जे त्याच्याकडून काढून घेऊ शकलं नव्हतं, ते त्या संवादाने त्याला कानात ऐकवलं होतं. रात्री एकचं ते हसू नशेचं नव्हतं. आपल्यासारखंच दुसऱ्या कोणाला तरी झालंय, हे कळल्याचं ते हसू होतं.

तो सगळा अल्बम औषधासारखा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यातली बायकांच्या खुनांची वर्णनं मला सहन झाली नाहीत, आणि ते मी मुलालाही स्पष्ट सांगितलं. पुढच्याच वर्षीच्या 'रिकव्हरी' या अल्बममध्ये एमिनेमनेही या अल्बमबद्दलची नाराजी बोलून दाखवली. आणखी एक गोष्ट मी नेहमी तपासते. गोळ्या घेताना हीच गाणी लावायचास का? उत्तर 'हो' आलं, तर काही महिने तरी ती लांब ठेवायची. कारण सूर ओळखीचा लागला की शरीराला जुनी वेळ आठवते. या मुलाने अल्बम पहिल्यांदा ऐकला तो केंद्रातल्या एका सोबत्यामुळे, सोडल्यानंतर. म्हणून मी थांबवलं नाही.

आईला मी वेगळं बसवून सांगितलं की गाण्यांना घाबरण्यापेक्षा तुम्ही लक्ष कुठे द्यायचं. पैशांचा हिशोब लागेनासा होणं, जुन्या मित्रांचे फोन, फॉलोअप टाळणं, बाथरूममध्ये तासन् तास. घरात आजीच्या झोपेच्या गोळ्या होत्या, त्या कुलपात ठेवायला लावल्या. आणि एक गोष्ट आई-मुलाला एकत्र बसवून सांगितली. काही महिने बंद असलं की शरीराची सवय मोडते. मग तोच जुना डोस घेतला तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. म्हणून कधी घसरलाच, तर लपवायचं नाही, रागावायचं नाही, आधी दवाखाना.

"पण मी त्याला काय विचारू?" आईने विचारलं. "गाण्यातलं मला काही कळत नाही."

"तेच विचारा. म्हणावं, मला कळत नाही, सांग."

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. पहाटे साडेतीनला त्याने तिला हलवून उठवलं होतं. "आई, स्वप्न पडलं." दोघं स्वयंपाकघरात बसली, तिने चहा टाकला. त्याने त्या डॉक्टरचा संवाद मराठीत करून सांगितला. तिला नीटसा कळला नाही, पण उजाडेपर्यंत ती ऐकत होती.

त्या दिवशीच्या फॉलोअपला दोघं अर्धा तास उशिरा आली, डोळे तारवटलेले, आणि बसल्या बसल्या मुलगा म्हणाला, "मॅडम, आज आधी आईला बोलू दे."