सोनं शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे गुंतवणूकदार एवढ्या संशयाने का बघतात?

कॅनडातला तुमचा भाचा टोरांटोच्या बाजारातल्या सोनं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीत पैसे घाला म्हणतोय, आणि तिथलेच जुने गुंतवणूकदार असल्या शेअरला हात लावत नाहीत. हा संशय अवाजवी आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी भूशास्त्राचा माणूस, ड्रिलिंगच्या साइटवर काम केलेला. मला तो संशय रास्त वाटतो.

त्याला धार आली ती ब्री-एक्समुळे. कॅलगरीच्या या कंपनीने बोर्निओच्या जंगलात, इंडोनेशियातल्या बुसांगला, सोन्याचा अफाट साठा सापडल्याचं सांगितलं. आकडा ७ कोटी औंसांपर्यंत चढला, कंपनीचं बाजारमूल्य ६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेलं. शिक्षकांच्या पेन्शन फंडाचाही पैसा त्यात होता. मार्च १९९७ मध्ये फ्रीपोर्ट या बड्या कंपनीने स्वतः ड्रिल करून पाहिलं, तर सोनं जवळपास नव्हतंच. नमुन्यांत ते बाहेरून मिसळलेलं होतं. कणांच्या कडा घासून गोल झालेल्या, म्हणजे नदीच्या वाळूतलं सोनं!

ते इतके दिवस पचलं कसं? ड्रिलमधून कोअर निघतो, म्हणजे खडकाची लांब कांडी. ती उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेला पाठवायची, अर्धी पेटीत नंबर घालून जपायची, ही रीत. उद्या कुणाला शंका आली तर पेटी उघडता येते. बुसांगला जवळजवळ सगळा कोअर तपासणीसाठी कुटून टाकला जायचा. पेटीत तपासण्याजोगं फारसं काही उरायचंच नाही, आणि एवढे मोठमोठे फंड असूनही हे कुणाला खटकलं नाही, याची मला आजही चीड येते.

पुढे २००१ मध्ये कॅनडात एनआय ४३-१०१ हा नियम आला. आता साठ्याच्या आकड्यामागे पात्र तज्ज्ञाचं नाव आणि जबाबदारी लागते. पण पैसे बुडायला लबाडी लागतेच असं नाही. या कंपन्यांकडे खाण नसते, विक्री नसते. दर हंगामाच्या ड्रिलिंगसाठी नवे शेअर काढायचे, आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होत जायचा. बहुतेक शोध खाणीपर्यंत पोचतच नाहीत, अगदी सचोटीने केलेलेसुद्धा.

जाहिरातीतला आकडाही नीट वाचा. ‘१२ मीटरमध्ये टनाला ३ ग्रॅम’, म्हणजे कोअरच्या १२ मीटर लांबीत टनभर खडकामागे सरासरी ३ ग्रॅम सोनं, ऐकायला छान वाटतं. पण एकाच मीटरमध्ये ३० ग्रॅम आणि उरलेल्या ११ मीटरमध्ये अर्धा-अर्धा ग्रॅम असला, तरी सरासरी जवळपास तेवढीच येते. तेवढी एक शीर वगळली तर तिथे खणण्यासारखं कदाचित काहीच नसेल.

म्हणून भाच्याकडून दोन गोष्टी मागवा: मीटरवार निकालांचा तक्ता, आणि पाच वर्षांपूर्वी कंपनीचे एकूण शेअर किती होते नि आज किती आहेत. तक्ता मिळाला नाही तर मी तरी एक रुपया घालणार नाही.