शुगर घेऊन जर्मनीला येताय, तर डॉक्टरबद्दल थोडं

तुम्ही विचारलंय: टाइप टू मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, नोकरीसाठी जर्मनीत यायचंय, जर्मन जेमतेम. नीट ऐकून घेणारा, समजावून सांगणारा डॉक्टर कसा शोधायचा?

सुरुवात हाउसआर्त्स्टपासून, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टरच. शुगरचं बरंचसं तोच बघतो आणि स्पेशालिस्टकडे जायची चिठ्ठीही तोच देतो. ‘नवीन पेशंट घेत नाही’ हे ऐकायची तयारी ठेवा. म्हणून आल्याआल्या, भारतातल्या गोळ्या हाताशी असतानाच शोधायला लागा. ११६११७ या इथल्या वैद्यकीय मदतसेवेच्या साइटवर डॉक्टर भाषेनुसार शोधता येतात. मात्र डॉक्टर फाडफाड इंग्रजी बोलतो आणि फोन उचलणाऱ्या बाईंना जर्मनशिवाय काही चालत नाही, असं सर्रास होतं. ऑनलाइन अपॉइंटमेंट देणारा दवाखाना बघितलेला बरा.

आणि इंग्रजी येतं म्हणजे संवाद होतो असं नाही हो. माझ्या पहिल्या डॉक्टरांचं इंग्रजी उत्तम होतं. स्क्रीनकडे बघत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, वाचायचे आणि ‘ब्रेड कमी करा’ म्हणायचे. आमच्या घरात ब्रेड येतच नाही! मी सरळ डॉक्टर बदलला. सरकारी विम्यातही डॉक्टर निवडायची मुभा असते. फक्त नवी तिमाही सुरू झाली की बदला, मधेच नको.

आता जिथे जाते तिथे डायबेटिसबेराटरिन आहे, म्हणजे मधुमेहाचं प्रशिक्षण घेतलेली सल्लागार. खरं बोलणं तिच्याशीच होतं. तिने मला एका पोळीला लागणारं कोरडं पीठ वजनकाट्यावर तोलून यायला सांगितलं. ३० ग्रॅम भरलं. तिने आकडेमोड केली: साधारण २१ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे इथल्या हिशोबाने जवळपास दोन ब्रोटआइनहाइट (कर्बोदकं मोजायचं इथलं माप). मग विचारलं, ‘रात्री किती खाता? एक कमी केली तर पोट भरेल का?’ असं विचारणारं माणूस जिथे असेल, तो दवाखाना धरून ठेवा. तिचं इंग्रजी मोडकं, माझं जर्मन त्याहून मोडकं, पण अडत नाही.

हाउसआर्त्स्टला ‘डीएमपी’मध्ये, म्हणजे मधुमेहासारख्या जुनाट आजारांसाठीच्या उपचार कार्यक्रमात, नाव घालायला सांगा. त्यात ठरावीक महिन्यांनी तपासणी होते, पाय, डोळे, किडनी बघितली जाते आणि प्रशिक्षणवर्गही मिळतो. वर्ग बहुतेक जर्मनमध्ये असतो, तेव्हा भाषेचं आधी विचारून घ्या.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या, त्यात ब्रँड नव्हे तर मूळ औषधाचं नाव आणि डोस हवा. टेनेलिग्लिप्टिन ही शुगरची गोळी घेत असाल तर पर्याय तिकडेच विचारून ठेवा. भारतात ते घरोघरी आहे, युरोपात त्याला मान्यता नाही. पूर्व जर्मनीत, लाइपझिग-ड्रेस्डेनकडे जाणार असाल तर रिपोर्टमधली शुगर मिलिमोलमध्ये असते. १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. नुसत्या गोळ्यांवर असाल तर शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचे पैसे विमा सहसा देत नाही, त्यामुळे ग्लुकोमीटर आणि चार डबे स्ट्रिप्स बॅगेत टाकाच.